सातवा खिळा

पौड, २३ फेब्रुवारी १९६४

भाई,

ईदला अम्मीनं तुझ्या नावाची शीरखुर्म्याची वाटी फडताळात झाकून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी ती मी खाल्ली. आंबली होती, पण टाकवली नाही. अब्बांनी पाहिलं आणि मान वळवली. घरात तुझी आठवण निघते ती एवढीच.

उत्तर लिहिलंस तर शाळेच्या पत्त्यावर लिही. जूनपासून मी पौडच्या शाळेत तात्पुरती शिकवते आहे. बी.ए. झाल्याचं मी तुला कळवलं होतं. ते पत्र पोचलं असं धरून चालते.

बातमी अशी की आपली बगळी सिनेमात काम करणार आहे. हसू नकोस, खरंच. मुंबईची एक कंपनी मुळशीच्या तळ्यावरच्या माळावर लढाईचा रंगीत सिनेमा काढते आहे, मुलांसाठी. सैन्यातल्या एका खेचराची गोष्ट आहे. ते दारूगोळा वाहतं, जखमी शिपायाला बर्फातून तळावर आणतं आणि शेवटी देशासाठी मरतं. गावातली मुलं हवीत म्हणून दिग्दर्शक शाळेत आले होते. त्यांनी गोष्ट सांगितली तेव्हा मला तू आठवलास. लढाईत माणसं काय करतात ते आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, पण जनावरांचं कुणी लिहीत नाही. तू खेचरांच्या पलटणीत आहेस हे मी त्यांना सांगितलं. मुलांच्या तोंडचं मराठी तपासायचं काम त्यांनी मला दिलं. सिनेमा शाळाशाळांतून दाखवणार आहेत.

ट्रक वरच्या वाड्यांपर्यंत जायला लागल्यापासून अब्बांची तट्टं एकेक करून गेली. बगळी तेवढी राहिली आहे. अजून ती तांदळाच्या गोण्या घेऊन एकही ठेच न खाता घाट उतरते. दिग्दर्शकांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, हाच चेहरा.

अब्बा म्हणाले, "लडाईचा शिनेमा? लडाई बघाया लोकं तिकीट काढत्यात व्हय?"

मी त्यांना समजावलं. करार इंग्रजीत होता. मी तो मराठीत वाचून दाखवला. त्यांनी अंगठा उठवला आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. घरातली ती पहिली इंग्रजी सही.

तुझी बहीण
हसिना


८ मार्च

भाई,

उत्तर नाही. तरी लिहिते, कारण इथे जे चाललं आहे ते तू पाहायला हवं होतंस.

आख्खा माळ पांढरा झाला आहे. दोन ट्रक भरून शिरगोळ्याची भुकटी आणली, आपण रांगोळीला घेतो तीच. वरच्या वाडीतल्या बायका पाट्यांनी ती खडकांवर पसरतात. वाऱ्याने उडते म्हणून रोज नवी टाकावी लागते. खाली निळं तळं, वर काळे कडे आणि मध्ये हा पांढरा माळ. पहिल्या दिवशी मी नुसती बघत उभी राहिले. फुलाबाई माझ्या शेजारी पाटी रिकामी करत म्हणाली, "बाई, एवढ्या डोंगराव रांगोळी घातली. लगीन कुनाचं हाय म्हनायचं?"

पांढऱ्यावर पांढरी घोडी दिसेना. कॅमेरा लावून बसलेला माणूस ओरडला, "घोडी कुठाय?" ती त्याच्या समोरच उभी होती. मग वाडीतला कोळसा तेलात खलून तिला रंगवलं. आता ती काळी आहे. अब्बा आले तेव्हा तिच्या अंगावरून हात फिरवायच्या आधी त्यांनी तिचा वास घेतला.

रिहे गावचे हैबतराव तुला आठवत असतील, ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पलटणीत खेचरं सांभाळलेले. कंपनीनं त्यांना सल्ला देण्यासाठी बसवलं आहे. खुर्ची दिली आहे, सल्ला कुणी विचारत नाही. ते म्हणाले, "खेचर म्हनून घोडी हुबी केली, बरफ म्हनून रांगोळी. आता मानूस म्हनून काय हुबं करत्यात त्ये बगू."

एक गोष्ट लिहायची राहिली. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

बगळीच्या गळ्यातली घंटा काढली आहे. लढाईतल्या जनावराला घंटा नसते, शत्रूला ऐकू जाते, असं दिग्दर्शक म्हणाले. पलटणीत गेल्यावर तू लिहिलं होतंस ते मी त्यांना सांगितलं नाही. अब्बांनी दिलेली घंटा तू तुझ्या खेचराच्या गळ्यात बांधली होतीस, आत चिंधी कोंबून. वाजत नाही पण गळ्यात आहे, असं तू लिहिलं होतंस.

अब्बा चिडले. "जितीजागती हाय ती. घंटा मेलेल्याची काढत्यात."

"आठ दिवसांपुरती, अब्बा."

"पयल्या घाटाला घालायची, मेल्याव काढायची. आट दिसाची घंटा मी तरी ऐकली न्हाई."

पण मी काढू दिली. घंटा गेल्यावर बगळी जागची हलेना. कान इकडेतिकडे फिरवत राहिली, आपलंच काही हरवल्यासारखी. माझ्या मनात आलं म्हणून मी पुढे जाऊन घंटा हलवली, तशी ती धावत आली. सुरुंग उडत होते, धूर होता, पण ती सरळ घंटेकडे आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक म्हणाले, "एवढ्या सगळ्या माणसांत खरा लगाम तुमच्याच हातात आहे." त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आता रोज मी समोर घंटा घेऊन उभी असते.

अब्बा रोज येऊन लांब उभे राहतात. काल दिग्दर्शकांनी विचारलं, म्हातारबा कधी नसतात? शुक्रवारी दुपारी, नमाजाला पौडला जातात, असं मी सांगितलं. शेवटचं दृश्य शुक्रवारी, वीस तारखेला ठेवलं आहे. का विचारलं असेल ते मी तेव्हा विचारलं नाही.

पडवीतल्या भिंतीकडे मी हल्ली पाहत नाही. सहा खिळ्यांवर मेलेल्या तट्टांच्या सहा घंटा आहेत. सातवा खिळा अजून रिकामा आहे. गेल्या वर्षी जानेवारीत तू लढाईवरून आलास, त्या सकाळी तुझी बस यायच्या आधी अब्बांनी तो ठोकला होता. तुझं जनावर गेल्याचं तू पत्रात कळवलंच होतंस. तुझा चहा व्हायच्या आधी त्यांनी विचारलं, "घंटा कुटं हाय?" तू म्हणालास, "राहिली." अब्बा म्हणाले, "मानूस आलं, घंटा ऱ्हायली." दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तू गेलास. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी चुलीपाशी उभी होते.

हसिना


१७ मार्च, मंगळवार

भाई,

तुझं कार्ड आज शाळेत आलं. दोनच ओळी: "बगळीची घंटा काढू देऊ नको. जिवंत आहे ती. अब्बांना कार्ड दाखवू नको." मी ते दहा वेळा वाचलं. अब्बाही हेच म्हणाले होते.

उशीर झाला आहे. सगळं सांगते.

काल फुलाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तुमच्या घोडीची कबर खंदायला लावलीया का काय?" माळाच्या पलीकडच्या अंगाला छातीइतका खोल खड्डा आहे. त्यावर कारवीच्या काटक्या टाकून वर रांगोळी पसरायची. सुरुंग उडतील, बगळी भरधाव येईल आणि एका क्षणात नाहीशी होईल. पलीकडच्या काठावर, कॅमेऱ्याच्या बाजूला, घंटा घेऊन मी.

मी दिग्दर्शकांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, हे मला आजही वाटतं. ते म्हणाले, "खाली पेंढा घातलाय. फार तर पाय मुरगळेल."

हैबतराव खुर्चीतून म्हणाले, "भरधाव घोडी खड्ड्यात गेली म्हंजे पाय काडीवानी मोडतुया. मग गोळीच."

"मुलांच्या डोळ्यांत पाणी यायचं असेल तर मरण खोटं दाखवून चालत नाही," दिग्दर्शक म्हणाले.

"बर्फ खोटा चालतो," मी म्हटलं.

त्यांनी मग करार काढला. आवाज चढवला नाही. "पाचवं कलम. खाली साक्षीदार कोण? ह. अ. तांबोळी, बी.ए."

भाई, तुला पहिल्या पत्रात लिहिलं की मी करार अब्बांना वाचून दाखवला. सगळा नाही दाखवला. पाचव्या कलमात होतं की दृश्यासाठी लागेल तसं जनावर वापरलं जाईल, त्याला इजा किंवा मृत्यू झाल्यास मालकाची तक्रार चालणार नाही, त्या बदली दुसरं जनावर मिळेल. मृत्यू हा शब्द मी वाचला होता. तो वाचताना माझी जीभ क्षणभर थांबली आणि मी सहाव्या कलमावर गेले. अशी कलमं सगळ्याच कागदांत असतात, मी स्वतःला सांगितलं. अब्बांना सांगितलं असतं तर ते उठून गेले असते. सिनेमा गेला असता. पडद्यावर तुझ्यासारखा शिपाई आला असता, तू तो पाहायला घरी आला असतास, असं मी मनात किती दिवस रंगवलं होतं ते तुला सांगायला मला लाज वाटते.

मी निघाले तशी हैबतराव मागून आले. वाटेत एकदम बोलायला लागले. माघारीचा हुकूम आला की जनावर दुश्मनाच्या हाती लागू द्यायचं नाही. ज्याचं जनावर त्यानंच गोळी घालायची. दुसऱ्यानं घातलेली चालत नाही, कारण जनावर दुसऱ्यासमोर स्थिर उभं राहत नाही.

"तुम्ही घातली?" मी विचारलं.

 तळ्याकडे बघत ते म्हणाले, "दोन." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "हुकूम मोडला तर मानसाला काय हुतं त्ये मला इचारू नगंस, पोरी."

हे मी तुला का लिहिते ते ठाऊक नाही. तुझी पत्रं उघडून वाचतात हे मला माहीत आहे. मी काही विचारत नाही.

अब्बांना सांगायचं आहे. आज तीनदा तोंड उघडलं. घोडी घरी घेऊन यावी तर ती कंपनीच्या तंबूत आहे आणि पहाऱ्याला त्यांचा माणूस आहे. शुक्रवारला तीन दिवस आहेत.

हसिना


२१ मार्च

भाई,

काल सकाळपर्यंत मी अब्बांना सांगितलं नव्हतं. नमाजाला जाताना ते म्हणाले, "घंटा जपून धर. पितळ हातात घामेजतं." मी मान डोलावली.

दुपारी बारा वाजता सगळे माळावर. रांगोळीवर ऊन इतकं की डोळे उघडेनात. बायकांनी सगळी पावलं मोडून माळ कोरा केला होता. एकच संधी, दिग्दर्शक म्हणाले. सुरुंगाची दारू तेवढीच उरली होती आणि भुकटीही. खड्डा कुठे आहे ते आता दिसतही नव्हतं. मी काठावर एक काळा दगड पाहून ठेवला होता.

पलीकडच्या टोकाला बगळीला धरून ठेवलं होतं. उन्हानं रंग पातळ होऊन तिच्या पोटाखालून काळे थेंब गळत होते. तिचे कान फिरत होते.

शिट्टी वाजली आणि सुरुंग उडायला लागले. तिला सोडलं. ती घंटेची वाट पाहत उभी राहिली.

"वाजवा!" दिग्दर्शक ओरडले.

मी घंटेतला लोलक मुठीत धरला होता. नाही वाजवली तर ती उभी राहील, मग लोक मागून दगड मारतील, फटाके लावतील, ती बिथरून कुठेही धावेल, खड्ड्याकडेही. हे सगळं मी आधीच विचार करून ठेवलं असं तुला वाटेल. नाही. मला ते तेव्हा कळलं, जेव्हा मागे एक माणूस काठी घेऊन निघाला.

मी धावले. खड्ड्याच्या बाजूनं नाही, उजवीकडं, तळ्याकडे उतरणाऱ्या उतारावर. त्या कोऱ्या पांढऱ्या माळावरून, कॅमेऱ्याच्या समोरून, हिरव्या पातळात, हात वर करून घंटा वाजवत. मागे कुणीतरी किंचाळलं. माझा पाय घसरला, कोपर फुटलं, पण घंटा मी खाली पडू दिली नाही. बसल्या बसल्या वाजवत राहिले. धुरातून ती आली. काळ्या दगडापासून चार हातांवर आली आणि मग वळली. वळताना तिच्या अंगावरचे काळे ओघळ रांगोळीवर पडत गेले. माझ्याजवळ येऊन तिनं नाक घंटेला लावलं.

मी तिच्या गळ्यात घंटा बांधली. गाठ बसेना. शेवटी हैबतरावांनी येऊन बांधली.  बगळीच्या मानेवर त्यांनी बराच वेळ हात ठेवला होता, घोडीला आधार द्यायला की घ्यायला ते कळलं नाही.

दिग्दर्शक मला एवढंच म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून मी विश्वास ठेवला." ते मला लागलं. अजून लागतं आहे. कंपनीनं सामान बांधलं. फुलाबाई पाटी उपडी करून बसली होती. म्हणाली, "घोडी वाचली त्ये बेस झालं, बाई. पर आमचं अजून चार दिस काम हुतं." 

मी बगळीला घेऊन चालत निघाले. अर्ध्या वाटेवर अब्बा भेटले, कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. धापा टाकत होते. त्यांनी तिचे चारी पाय एकेक करून चाचपले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदा.

तो हात डोक्यावर असताना मी गप्प राहिले असते तर आयुष्यभर राहिले असते. मी म्हटलं, "अब्बा, मरणाचं कागदात लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. तुम्हाला नाही वाचून दाखवलं."

हात तसाच राहिला, पण हलका झाला.

"तवाच कळलं हुतं तुला?"

"हो."

"मी अडानी हाय, हसिना. भैरा न्हाई. वाचलं असतंस तर ऐकू आलं असतं मला."

घरी येईपर्यंत घंटेशिवाय दुसरा आवाज नव्हता. कालपासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. माझ्या हातचं पाणी घेतात, माझ्याकडे न बघता.

हसिना


२ एप्रिल

भाई,

दहा दिवस अब्बा बोलले नाहीत. अम्मी म्हणाली, "तुमी बापलेक एकाच मातीचे. आधी त्यो पोरगा, आता ही." काल मी ठरवलं की त्यांना जे वाचून दाखवायचं राहिलं ते वाचून दाखवायचं.

आधी करार वाचला. सगळा, पाचव्या कलमासकट, एकेक शब्द थांबून. अब्बा बगळीचं खोगीर शिवत बसले होते. दाभण थांबला नाही.

मग मी म्हटलं, "अब्बा, त्या सिनेमाची गोष्ट मला दुसरी सुचली आहे. सांगू?"

ते नाही म्हणाले नाहीत.

मी सांगितलं. एक शिपाई असतो. त्याच्या बापानं त्याला एक घंटा दिलेली असते. ती तो त्याच्या खेचराच्या गळ्यात बांधतो, आत चिंधी कोंबून. लढाईत हार होते, माघारीचा हुकूम येतो. ज्याचं जनावर त्यानं गोळी घालायची. तो शिपाई खेचराला घेऊन बर्फात एका वळणाआड जातो. गोळीचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. तो एकटा परत येतो. महिन्याभरानं घरी येतो. बाप विचारतो, घंटा कुठे आहे? आता तो काय सांगणार? जिवंत जनावराची घंटा काढत नाहीत, हे त्या बापानंच त्याला शिकवलेलं. आणि जनावर जिवंत आहे असं तोंडातून काढलं तर हुकूम मोडल्याची शिक्षा. म्हणून तो फक्त म्हणतो, राहिली.

दाभण थांबला होता.

"गोष्ट हाय न्हवं ही?" अब्बा म्हणाले.

"गोष्टच आहे. मला कुणी काही सांगितलेलं नाही." हे खरं आहे, भाई. तू मला काहीच सांगितलेलं नाहीस. दोन ओळींचं कार्ड मी कुणाला दाखवलेलं नाही. ही एका न निघालेल्या सिनेमाची गोष्ट आहे. हे पत्र वाचणाऱ्या साहेबांनीही तशीच वाचावी.

अब्बांनी खोगीर बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "वळनाआड एकलाच गेला हुता?"

"एकटाच."

"अन् म्या त्याला च्या बी पिऊ दिला न्हाई."

ते उठले. हत्यारांच्या पेटीतून पकड काढली आणि पडवीत गेले. सातवा खिळा घट्ट बसला होता. दोनदा पकड निसटली. मी पुढे झाले तर म्हणाले, "ठोकला म्या, काडनार म्या." खिळा निघाला तेव्हा भिंतीची ढेकळं पडली. अम्मीनं लगेच माती कालवून भोक लिंपलं. आज पाहिलं तर ओल अजून दिसते आहे.

आज सकाळी ते आपणहून माझ्याशी बोलले. "त्याला लिव्ह," म्हणाले. मी कागद घेतला. ते उभेच राहिले. दोनदा घसा साफ केला. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बगळीचं बरं चाललंय, एवढं लिव्ह. अन् आता मला वाचून दाखव काय लिवलंस त्ये." म्हणून हे पत्र मी त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं आहे. सगळं. तुझ्या कार्डाच्या ओळीपाशी आले तेव्हाही मी थांबले नाही. रागावू नकोस.

कंपनीतला तो कॅमेरेवाला परवा उरलेलं सामान न्यायला आला होता. म्हणाला की त्यानं कॅमेरा बंद केला नव्हता. घोडी वळताना काळी होती आणि धुरात जाता जाता पांढरी होत गेली, असं त्यात आलं आहे. मागे कोपऱ्यात मीही आहे, बसलेली, हात वर केलेला. ते ठेवतील की कापतील ते त्याला ठाऊक नाही.

बगळीच्या कानामागे अजून थोडा कोळसा राहिला आहे. धुऊन जात नाही. ते काम अब्बांनी तुझ्यासाठी ठेवलं आहे.

पाकीट जड वाटेल. हाताला टोचलं तर दचकू नकोस. अब्बांनी तो दगडावर ठेवून ठोकून सरळ केला आणि आपल्या हातानं कागदात गुंडाळला. तुझ्या साहेबांनी विचारलं हे काय, तर सांग, घरचा खिळा आहे. आता तिथे लागत नाही.

हसिना